धक्क्यानंतरचा हिशेब गावाला सांगा

३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी दीडच्या सुमारास अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा भूकंप नोंदवला गेला आणि मेळघाटातल्या चिखलदरा, काटकुंभ, चुरणी या भागातले लोक घराबाहेर आले. त्याच्या एकतीस वर्षे आधी, १९९३ साली, याच तारखेच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यामुळे ज्यांना ती पहाट आठवते त्यांच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, हे वेगळे सांगायला नको. अशा धक्क्यानंतर आपल्याकडे प्रशासनाच्या दोन सूचना गावापर्यंत पोचतात: घाबरून जाऊ नये, आणि अफवांवर विश्वास ठेवू नये. दोन्ही सूचना चांगल्या हेतूने दिलेल्या असतात. परंतु पारावर, पिठाच्या गिरणीवर आणि अंगणवाडीच्या ओट्यावर जो प्रश्न विचारला जात असतो, त्याला त्या हातच लावत नाहीत. तो प्रश्न असा असतो की, आता पुन्हा येईल का, आणि आला तर याहून मोठा येईल का?

या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर आहे. ते होय किंवा नाही असे नसून शक्यतेच्या आकड्यांत आहे, आणि ते आकडे धक्का बसल्यानंतर काही तासांत मांडता येतात. अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपानंतर पुढचा दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष यांसाठी असे अंदाज जाहीर करते, आणि न्यूझीलंडमध्येही ते लोकांपुढे ठेवले जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की, विदर्भातल्या खेड्यांनाही हा हिशेब मराठीत आणि जिथे लागेल तिथे कोरकूत मिळाला पाहिजे, आणि तो देणे ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची बांधील जबाबदारी ठरवली पाहिजे. ‘लोक घाबरतील’ या कारणाखाली तो दडवून ठेवणे मला चुकीचे तर वाटतेच, पण धोक्याचेही वाटते.

या हिशेबाची सुरुवात जपानमध्ये झाली. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी तिथल्या नोबी प्रदेशात प्रचंड भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर गिफू इथे जाणवलेल्या धक्क्यांची दिवसागणिक नोंद होत राहिली. फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञाने त्या नोंदी मांडून पाहिल्या आणि १८९४ साली एक नियम दाखवून दिला: मुख्य धक्क्यानंतर जसजसे दिवस जातात, तसतशी धक्क्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. समजा पहिल्या दिवशी चाळीस धक्के बसले, तर दहाव्या दिवशी साधारण चार बसतील, आणि शंभराव्या दिवसाच्या सुमारास दर अडीच दिवसांनी एखादा. पुढे उत्सू यांनी १९६१ मध्ये या सूत्रात सुधारणा केली, कारण घटण्याचा वेग प्रत्येक प्रदेशात आणि प्रत्येक भूकंपात थोडा वेगळा असतो. पण सूत्राचा गाभा तोच राहिला आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तो जगभर कामी येतो आहे.

या नियमातून निघणारी एक गोष्ट लोकांना आवर्जून सांगायला हवी, कारण ती सहज लक्षात येत नाही. वरच्याच उदाहरणात पहिल्या ते दहाव्या दिवसांत साधारण नव्वद धक्के बसतात, आणि दहाव्या ते शंभराव्या दिवसांतही साधारण तितकेच बसतात. फरक एवढाच की ते विरळ झालेले असतात. म्हणजे महिना-दीड महिना शांततेत गेल्यावर एखाद्या रात्री मांडणीवरची भांडी पुन्हा वाजली, तर ते काही नवे संकट उगवल्याचे लक्षण असेलच असे नाही; पुष्कळदा ते जुन्याच मालिकेचे शेपूट असते. आज मात्र अशा उशिराच्या धक्क्यानंतर गावात पहिल्या धक्क्याइतकीच धावपळ होते, कारण ‘असे होणार आहे’ हे आधी कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरा नियम लहान-मोठ्या धक्क्यांच्या प्रमाणाचा आहे. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९४४ मध्ये तो मांडला. तीव्रता एका अंकाने खाली आली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते: ५ तीव्रतेचा एक, तर ४ तीव्रतेचे सुमारे दहा आणि ३ तीव्रतेचे सुमारे शंभर. इथे आपल्याकडच्या एका फार पसरलेल्या समजुतीचा विचार करणे भाग आहे. ‘लहान लहान धक्के बसून गेले ते बरेच झाले, जमिनीतला ताण निघून गेला,’ असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते आणि दोन अंकांनी वाढली की सुमारे हजार पट. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा लहान धक्क्यांतून निघून जायची तर ४ तीव्रतेचे हजार धक्के लागतील, पण निसर्ग सहाच्या एका भूकंपामागे चारचे सुमारे शंभरच देतो. तेव्हा ताण निघून गेल्याचे समाधान आकड्यांवर टिकत नाही. उलट प्रत्येक धक्का, लहान असला तरी, पुढच्या काही दिवसांपुरती इतर धक्क्यांची शक्यता थोडी वाढवतो. ओगाता यांनी १९८८ मध्ये मांडलेले प्रारूप याच कल्पनेवर उभे आहे: प्रत्येक धक्क्याला त्याच्या आकाराप्रमाणे स्वतःची पिल्ले असतात, त्या पिल्लांनाही पिल्ले होतात, आणि या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपल्याला जाणवणारी मालिका.

तिसरा ठोकताळा बॉथ यांच्या नावाने ओळखला जातो. नंतरच्या धक्क्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरीने १.२ अंकांनी लहान असतो. हे सरासरीचे विधान आहे, हमी नव्हे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा बसला. इथवर सगळे सरासरीच्या आसपास होते. पण साडेतीन महिन्यांनी, १० जुलैच्या सकाळी, त्याच जिल्ह्यात पुन्हा पहिल्याइतक्याच ताकदीचा धक्का बसला. तीन नियम हाती असूनही ठरावीक दिवस कोणाला सांगता आला नसता. मात्र ‘इतक्याच ताकदीचा दुसरा धक्का बसण्याची शक्यता थोडी आहे, शून्य नाही,’ हे मार्चमध्ये नक्की सांगता आले असते.

शक्यता थोडी म्हणजे किती, हे सांगितल्याशिवाय हा लेख पोकळच राहील. जगभरच्या अनुभवातून निघालेला ढोबळ आकडा असा आहे की, एखाद्या भूकंपानंतर आठवडाभरात तेवढाच किंवा त्याहून मोठा भूकंप त्याच परिसरात होण्याची शक्यता वीसात एक असते. हाच आकडा धरून आणि दहापटीचा नियम लावून ३० सप्टेंबरच्या ४.२ तीव्रतेच्या धक्क्यानंतर निघू शकले असते असे एक पत्रक मी इथे लिहून दाखवतो:

‘पुढील सात दिवसांत या परिसरात ३ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा, म्हणजे घरात बसलेल्या माणसाला जाणवेल असा, धक्का बसण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. आज बसला तेवढा किंवा त्याहून मोठा धक्का बसण्याची शक्यता वीसात एक आहे. ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा, म्हणजे कच्च्या घरांचे नुकसान करील असा, धक्का बसण्याची शक्यता सव्वाशेत एक आहे. किल्लारीएवढ्या भूकंपाची शक्यता दोन हजारांत एक आहे. नवा मोठा धक्का बसला नाही तर या शक्यता दररोज कमी होत जातील. पुढचे पत्रक उद्या सायंकाळी पाच वाजता.’

हे आकडे जागतिक सरासरीवरून काढलेले आहेत आणि मेळघाटापुरते ते कमी-जास्त निघू शकतात. स्थानिक नोंदी येत जातील तसे ते सुधारत न्यायचे असतात. पण हे पत्रक वाचून कोणी जंगलाकडे पळत सुटेल असे मला वाटत नाही. दोन हजारांत एक हा आकडा ऐकून बहुतेक घरे रात्री आपापल्या जागी झोपतील. ज्यांची भिंत आधीच कललेली आहे ते मात्र आठवडाभर पोरांना ओसरीत किंवा शेजारच्या टिनाच्या खोलीत झोपवतील. दोन्ही निर्णय शहाणपणाचे आहेत, आणि ते ज्याचे त्याने स्वतःच्या घराकडे बघून घेतलेले आहेत.

लोकांना शक्यतेची भाषा कळत नाही, हा आक्षेप मी अधिकाऱ्यांकडून आणि शिक्षकांकडूनही ऐकला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याबद्दल असे म्हणताना आपण काय म्हणतो आहोत याचा विचार झाला पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरीवर सरकी टोबायची की आणखी आठ दिवस थांबायचे, दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याला पैसा कुठून उभा करायचा, हे सगळे निर्णय तो अपुऱ्या माहितीवर आणि शक्यतेच्या अंदाजावर दरवर्षी घेतो. वेधशाळेचा अंदाज चुकतो हे त्याला माहीत असते आणि तरीही तो ऐकतो, कारण दहापैकी किती वेळा तो खरा ठरतो याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप खेड्यांतून वापरले जाते. तेही आसपास वीज पडू शकते एवढेच सांगते, अमुक झाडावर पडेल असे सांगत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, धक्के सुरू असतानाच्या दिवसांत, मी एक घर पाहिले. भिंत पांढऱ्या मातीची, वर कवेलू, आणि आढ्याखालच्या कोपऱ्यातून खाली उतरत आलेला बोटभर रुंदीचा तडा. त्या तड्याच्या टोकाशी कोळशाने एक आडवी रेघ ओढलेली होती. ती रेघ घरातल्या बाईंनी ओढली होती. तडा रेघेच्या पुढे सरकला तर त्या खोलीत कोणी झोपायचे नाही, असा त्यांनी स्वतःच नियम घालून दिला होता आणि रोज सकाळी भिंत सारवायच्या आधी त्या ती रेघ तपासत. अभियंते भेगेवर प्लॅस्टरची पट्टी मारून तिच्यावर तारीख टाकतात, ते याहून वेगळे काही नसते. अशा माणसाला आकडा सांगितला तर त्याचे काय करायचे हे त्याला कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता घबराटीच्या आक्षेपाकडे येतो. घबराट आजही होते. धक्का बसलेल्या रात्री मोबाइलवर ‘आज पहाटे तीन वाजता मोठा भूकंप होणार आहे’ असा निरोप फिरतो आणि अख्खे गाव पावसात ताडपत्री बांधून बाजा बाहेर काढते. असा निरोप धादांत खोटा असतो, कारण भूकंपाची वेळ आणि तारीख सांगण्याची पद्धत जगात कोणाकडेही नाही. अमेरिकेतल्या पार्कफिल्डला नियमित अंतराने भूकंप होतात म्हणून पुढचा १९९३ पर्यंत होईल असे शास्त्रज्ञांनी सांगितले होते. तो २००४ च्या सप्टेंबरमध्ये झाला. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगच्या भूकंपाआधी पूर्वधक्के बसले आणि लोकांना वेळेत बाहेर काढता आले. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी कोणतीही चाहूल लागली नाही आणि सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसे मेली. हे सगळे लोकांना सांगायला हवे. पण खोट्या तारखेला नुसत्या ‘विश्वास ठेवू नका’ने उत्तर देता येत नाही. माणसाला कशावर विश्वास ठेवू नये हे सांगितले की कशावर ठेवावा हेही सांगावे लागते, आणि ती जागा रिकामी ठेवली तर अफवाच ती भरून काढते.

नुसता दिलासा देण्याचे काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण इटलीतल्या लाक्विला शहराचे आहे. तिथे २००९ साली कित्येक महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत जे पोचले ते सगळे काळजीचे कारण नाही या सुराचे होते. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे गेली. धक्का जाणवला की घराबाहेर रात्र काढायची ही त्या भागातली जुनी सवय होती. दिलाशामुळे काही कुटुंबे त्या रात्री घरातच राहिली, अशी मृतांच्या नातेवाइकांची तक्रार होती. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली. पुढे २०१४ मध्ये शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शिक्षा, असा या खटल्याचा अर्थ लावून ‘बोलूच नये’ असा धडा घेणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून उलटा धडा दिसतो. अडचण बोलण्याने झाली नाही. शक्यता थोडी आहे असे म्हणायचे तिथे ती नाहीच असा समज झाला, त्याने झाली. ठरलेल्या पद्धतीने काढलेला आकडा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत जाहीर झाला तर शास्त्रज्ञही सुरक्षित राहतो आणि गावकरीही.

मुख्य धक्का ओसरला म्हणजे संकट टळले, ही समजूतही महागात पडू शकते. न्यूझीलंडमध्ये ४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात बळी जवळजवळ गेलेच नाहीत. त्याच मालिकेतला, ताकदीने कितीतरी लहान असलेला धक्का २२ फेब्रुवारी २०११ रोजी थेट क्राइस्टचर्च शहराखाली बसला आणि १८५ लोक मेले. लहान धक्का जवळ आणि उथळ असला तर दूरच्या मोठ्यापेक्षा घातक ठरतो. आधीच्या धक्क्याने सैल झालेल्या भिंतींचे तर आणखीच हाल होतात, आणि आपल्या खेड्यांचा खरा धोका तोच आहे.

कारण विदर्भाचा बहुतांश भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो. उत्तरेकडचा मेळघाटाचा भाग त्याच्या वरच्या पट्ट्यात आहे. या नकाशाचा आधार घेऊन आपण निश्चिंत राहतो. किल्लारी तर त्या वेळच्या नकाशातल्या सर्वांत खालच्या, पहिल्या क्रमांकाच्या पट्ट्यात होती. १९९२ च्या पावसाळ्यापासून तिथे लहान धक्के बसत होते. त्या ऑक्टोबरमध्ये एक चारच्या आसपासचा बसला. मग धक्के कमी झाले, आणि अकरा महिन्यांनी मुख्य भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे गेली. इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ओमोरीचा नियम वापरून ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख कोणालाही काढता आली नसती, आणि आठवड्याच्या पत्रकांतली शक्यता १९९३ च्या उन्हाळ्यापर्यंत खूपच खाली आलेली असती. पण ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘धोका कमी आहे, शून्य नाही, आणि तो सर्वांत जास्त जाड दगडी भिंतींच्या व मातीच्या धाब्याच्या घरांना आहे’ एवढे जाहीर झाले असते, तर काही घरांच्या भिंती बांधून घेण्याला आणि काही धाब्यांवरची माती उतरवण्याला ते अकरा महिने पुरले असते. बुलढाणा, वाशीम, अकोला या जिल्ह्यांतल्या जुन्या गावठाणांत तशीच धाब्याची घरे आजही उभी आहेत. दर उन्हाळ्यात त्यांच्यावर मातीचा नवा थर चढतो आणि छताचे वजन वाढत जाते. त्यामानाने मेळघाटातली बांबूच्या कुडाची कोरकू घरे हलकी आहेत. ती हलतात, वाकतात, पण माणसाच्या अंगावर दगड पाडत नाहीत. पत्रकात आकड्यासोबत घराच्या प्रकाराप्रमाणे सूचना हवी असे मी म्हणतो ते यासाठी. कुडाच्या घरातल्या माणसाला आणि धाब्याखाली झोपणाऱ्याला एकच सल्ला देता येत नाही.

विदर्भाला जाणवणारे भूकंप एकाच जातीचे नाहीत, ही आणखी एक अडचण आहे आणि पत्रक काढणाऱ्यांना ती ओलांडावी लागेल. उत्तरेकडे सोन-नर्मदा-तापीचा जुना तुटीचा, म्हणजे जमिनीखालचा खडक तुटून सरकलेला, पट्टा आहे. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ तीव्रतेचा भूकंप त्याच पट्ट्यातला, जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटरवर झालेला. तो नागपूरपर्यंत जाणवला, पण इतक्या खोलवरच्या भूकंपामागे धक्क्यांची शेपटी फार लहान होती. दक्षिणेला गोदावरीचे खोरे आहे. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ झालेल्या ५.३ तीव्रतेच्या भूकंपाने गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्हे हलले. १९६९ साली त्याच खोऱ्यात भद्राचलमजवळ मोठा धक्का बसला होता. आणि तिसरी जात आहे ती थव्याने येणाऱ्या बारीक धक्क्यांची. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला असेच धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज सुरू झाले आणि लोकांनी रात्री बाहेर काढल्या. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून दीर्घकाळ हेच चालले. अशा थव्यांना धड मुख्य धक्का नसतो. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल उतरून तिथला दाब वाढवते आणि उथळ जागी बारीक धक्के सुरू होतात, असे स्पष्टीकरण भूशास्त्रज्ञ देतात. इथे ओमोरीचे साधे सूत्र नीट बसत नाही, आणि शक्यता रोजच्या मोजणीवरून नव्याने काढावी लागते.

मोजणीसाठी यंत्र जवळ पाहिजे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे जाळे देशभर आहे आणि मोठे धक्के त्यातून सुटत नाहीत, पण स्थानके दूरदूर असली की दोन-अडीच तीव्रतेखालचे धक्के नोंदीतून निसटतात. हिशेबाचा कच्चा माल तर तेच असतात: तीनचा एक धक्का म्हणजे दोनचे दहा, आणि ते दहा सापडले नाहीत तर मालिका चढते आहे की उतरते आहे हे ठरवणार कशावरून? म्हणून धक्क्यांची मालिका सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत चार-पाच फिरती भूकंपमापके तालुक्यात बसतील अशी कायमची व्यवस्था हवी. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, वनविभागाची विश्रामगृहे या जागा आधीच ठरवून ठेवता येतील. आज पथक येते ते वर्तमानपत्रांतून आरडाओरड झाल्यावर, आणि त्याला काय सापडले हे गावाला क्वचितच कळते.

यंत्रांसोबत माणसांच्या नोंदीही हव्यात. ओमोरींचा नियम निघाला तो लोकांना जाणवलेल्या धक्क्यांच्या मोजणीतून, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी किंवा आशा सेविका यांच्याकडे एक साधी वही असावी: तारीख, वेळ, भांडी वाजली की भिंतीची माती पडली, आवाज आला की नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यात तर अशा वहीचा दुहेरी उपयोग आहे. खाणीतल्या सुरुंगांनी घरे हादरतात आणि ‘भूकंप की ब्लास्टिंग’ हा वाद तिथे नित्याचा आहे. खरे भूकंप चोवीस तासांत कोणत्याही वेळी येतात, सुरुंग ठरावीक वेळांना उडतात. दोन महिन्यांची वही मांडून पाहिली तर पुष्कळसा उलगडा तिथेच होईल आणि भिंतींच्या नुकसानभरपाईच्या भांडणात गावकऱ्याच्या हाती एक पुरावा येईल.

भारतीय द्वीपकल्पात मोठे भूकंप थोडे, म्हणून सूत्रातले आकडे पक्के काढायला पुरेशी सामग्री नाही, हा तज्ज्ञांचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. त्यावर शास्त्राने काढलेली वाट अशी आहे की, जगातल्या अशाच जुन्या, स्थिर भूखंडांच्या सरासरीपासून सुरुवात करायची, अनिश्चिततेची रुंदी लपवायची नाही, आणि मालिकेतला प्रत्येक नवा धक्का मोजून अंदाज घट्ट करत जायचा. कॅलिफोर्नियासाठी रीझनबर्ग आणि जोन्स यांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा तिथेही सगळे ठाऊक नव्हते. ‘वीसात एक’ऐवजी ‘दहात एक ते पन्नासात एक’ असे म्हणावे लागले तरी चालेल. रुंद पण खरा आकडा मला अरुंद दिलाशापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आणि हे पत्रक पोचायचे कसे? मेळघाटातल्या कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. तिथे व्याघ्र प्रकल्पाचे वायरलेस संच आहेत, कोतवालाची दवंडी आहे, आठवडी बाजार आहे. आकडा कोरकूत बोलून दाखवणारा माणूस, शक्यतो त्याच गावचा, आधीच तयार केलेला असावा. सप्टेंबरअखेर सोयाबीनची सोंगणी सुरू असते आणि दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरातच रचलेला असतो; तडा गेलेल्या घरात माणसे कापसासाठी आणि धान्यासाठी पुन्हा पुन्हा शिरतात. ‘घरात जाऊ नका’ ही सूचना त्यांना पाळता येणारी नाही. ‘पहिले तीन दिवस धक्क्यांची शक्यता सर्वांत जास्त आहे, कापूस चौथ्या दिवशी दोघांनी मिळून दिवसा काढा, एकाने बाहेर उभे राहावे’ ही पाळता येण्यासारखी आहे, आणि ती ओमोरीच्याच नियमातून निघालेली आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना असते आणि तिचा दरवर्षी फेरआढावा घ्यावा लागतो. अमरावती, नागपूर, यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या योजनांत पुढच्या आढाव्याच्या वेळी एक प्रकरण घालता येईल: किती तीव्रतेच्या धक्क्यानंतर पत्रक निघेल, किती तासांत निघेल, आकडे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देईल की हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, त्याखाली सही कोणाची असेल, आणि मालिका संपली हे कोण जाहीर करील. ग्रामसभांनी ठराव करून ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. थव्याचे धक्के पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी सुरू होतात हा साद्राबाडीचा अनुभव आहे, तेव्हा हे ठराव उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत झाले तर पहिले पत्रक त्याच वर्षी काढता येईल.